सत्काराला उत्तर

केतकीचा फोन आला तेव्हा अच्युतराव गुळवणी दुकानाच्या ओट्यावर बसून स्वतःचा गौरव अंक चाळत होते. पंच्याहत्तरीचा समारंभ होऊन दोन महिने उलटले होते, पण अंक काही घरातल्या कपाटात गेला नव्हता. बी-बियाणं घ्यायला येणाऱ्याची नजर पडेल अशा बेतानं तो गल्ल्याशेजारी पडून असे, आणि कोणी 'बघू' म्हटलं की अच्युतराव 'अहो, काय आहे त्यात' असं म्हणत तो पुढं सरकवत.

"बाबा, बोलू का? बहुश्रुतनं तुमच्याबद्दल एक प्रश्न विचारलाय."

समोर 'निंबळे समाचार' साप्ताहिकाचे संपादक बापू शिंत्रे चहा पीत होते. आणखी दोघं तिघं गिऱ्हाईकं होती. अच्युतरावांनी फोन स्पीकरवर टाकला. लेक पुण्यात एवढ्या मोठ्या कामावर आहे, हे चारचौघांनी ऐकलं तर कुठं बिघडलं?

बहुश्रुत हे वाचणारं यंत्र होतं. इंटरनेटवरचा मराठी मजकूर ते अखंड वाचायचं. वर्तमानपत्रं, ग्रामपंचायतींच्या वेबसाइट, दिवाळी अंक, शेतीचे सल्ले, श्रद्धांजल्या, काहीही. आणि वाचलेल्या वाक्यांतून एकेक गोष्ट शिकायचं. अमक्या नदीवर तमकं धरण आहे, अमक्या बुरशीवर तमकं औषध चालतं. शिकलेल्या प्रत्येक गोष्टीला ते शंभरपैकी गुण द्यायचं, म्हणजे आपला तिच्यावर किती विश्वास आहे त्याचे गुण. एकाच ठिकाणी दिसली तर तीस-चाळीस. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी तेच लिहिलेलं आढळलं की गुण चढत जायचे. नव्वदीच्या पुढं गेलेली गोष्ट ज्ञानात जमा व्हायची आणि मग त्या ज्ञानाच्या आधारानं ते पुढचं वाचायचं. आपणही असेच शिकतो. फरक इतकाच, की बहुश्रुत कंटाळत नव्हतं आणि विसरत नव्हतं.

घोडं अडायचं ते काठावरच्या गोष्टींपाशी. नव्वदीच्या जरा अलीकडं रेंगाळणाऱ्या गोष्टी पडताळणीसाठी केतकीसारख्या माणसांकडं यायच्या, आणि गोष्ट हयात व्यक्तीबद्दल असेल तर थेट त्या व्यक्तीलाच विचारायचं असा नियम होता. माणसाला स्वतःबद्दल सगळ्यात जास्त माहिती असते, असं बहुश्रुत बनवणाऱ्या तरुण मंडळींना वाटलं होतं. त्यांचे अजून सत्कार झाले नव्हते.

"वाचून दाखवते," केतकी म्हणाली. "'निंबळे येथील अच्युत गुळवणी यांनी सर्पदंशाच्या शेकडो रुग्णांचे विष उतरवून त्यांना जीवदान दिले.' खरं की खोटं?"

बापू शिंत्र्यांनी कप खाली ठेवला आणि कौतुकानं अच्युतरावांकडं पाहिलं.

खरं काय ते अच्युतरावांना माहीत होतं. तरुणपणी निंबळ्यात त्यांची एकट्याची जीप होती. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर कोणाला साप चावला की लोक त्यांच्याकडं धावत येत, आणि अच्युतराव जेवत्या ताटावरून उठून जीप काढत. ती जीप ते अशी पळवत, की रस्त्यातल्या कोंबड्यासुद्धा तिचा आवाज ओळखून बाजूला होत. रुग्ण सरकारी दवाखान्यात पोहोचवायचा, डॉक्टरांच्या ताब्यात द्यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. विष उतरवायचे ते डॉक्टर आणि त्यांची लस. पण वेळेवर पोहोचवलं म्हणून कितीतरी माणसं जगली, हे अगदी खरं होतं. सत्काराला एवढं पुरून उरलं असतं.

पण आपल्याकडं सत्कारात एक वक्ता खाली बसला की पुढच्यानं त्याच्यावर कडी करायची असते. पहिला म्हणाला, दादांनी रुग्णांना दवाखान्यात पोहोचवलं. दुसरा म्हणाला, दादांनी प्राण वाचवले. तिसऱ्याला बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो म्हणाला, दादांचा हात लागला की विष उतरायचं. बापूंनी मानपत्र लिहिताना तिसऱ्याचं वाक्य घेतलं, कारण ते वाचायला छान वाटत होतं. मग ते मानपत्र गावोगावच्या पानांवर फिरलं. शब्दाला शब्द जुळणारी नक्कल बहुश्रुत बरोबर पकडायचं, पण आपली माणसं नुसती नक्कल थोडीच करतात? प्रत्येकानं पदरचं चिमूटभर मीठ घातलं. त्यामुळं यंत्राला ते सगळे स्वतंत्र साक्षीदार वाटले.

"बाबा? हो की नाही, एवढंच सांगायचंय."

"आता लोक एवढं म्हणतात म्हणजे..."

"लोकांचं त्यानं वाचलंय. तुमचं हवंय."

"अगं, हो म्हणून टाक की!" बापू फोनकडं वाकून म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

अच्युतरावांनी समोरच्या चेहऱ्यांकडं पाहिलं. "हो," ते म्हणाले.

पलीकडं केतकी नुसतं "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. बापूंनी आणखी एक चहा मागवला.

*

पुढचे काही महिने अच्युतरावांचे फार सुखात गेले. बहुश्रुत सगळ्यांच्याच फोनात होतं, त्याच्याशी आपापल्या बोलीत बोलता येई, आणि निंबळ्याबद्दल काहीही विचारलं की ते अच्युतरावांचं नाव घेऊ लागलं. शाळेतली मुलं प्रकल्पासाठी मुलाखत घेऊन गेली. एका महाविद्यालयानं उद्घाटनाला बोलावलं. त्यासाठी त्यांनी एक जाकीट शिवून घेतलं, मोतिया रंगाचं, आणि ते दाराआडच्या खुंटीवर कायम तयार असे.

शैलाताई, त्यांच्या पत्नी, हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होत्या. "विष उतरवतात म्हणे," त्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या, "न्हाणीत पाल निघाली तर झाडू घेऊन मला जावं लागतं." अच्युतराव हसण्यावारी न्यायचे. बायकोच्या बोलण्याची बहुश्रुतकडं नोंद नव्हती, हे एक बरं होतं.

मग एका गुरुवारी, भर बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर एक टेम्पो करकचून ब्रेक लावत थांबला. हौद्यातून एक तरुण उडी टाकून उतरला. ढेबेवस्तीचा बिरू ढेबे. मागं घोंगडीवर त्याची बायको सारिका आडवी होती. भुईमूग काढताना घोणस चावली होती. पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत टरारून सुजला होता, आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येऊन ओठ लाल झाले होते.

"दादा, इख उतरवा," बिरू हात जोडून म्हणाला. "लय लांबनं आनलीया."

"अरे, हिला दवाखान्यात न्यायला हवं," अच्युतराव म्हणाले.

"ते नंतर न्हेऊच की. आदी तुमी उतरवा. मी फोनला इचारलं, आमच्या भागात इख उतरवणारा मानूस कोन हाय? त्येनं तुमचं नाव सांगितलं. म्हणून तर तिठ्यावरनं दवाखान्याकडं न जाता हिकडं वळलो."

तिठा म्हणजे डोंगरातला रस्ता जिथं फुटतो ती जागा. डावीकडं उपजिल्हा रुग्णालय, तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर. उजवीकडं निंबळे, चांगलं लांब. बिरू उजवीकडं वळला होता.

बाजारातली माणसं भोवती गोळा झाली. "दादा आहेत म्हटल्यावर आता भ्यायचं नाही," कोणीतरी म्हणालं. "सरका रे, दादांना वाट द्या."

एकच वाक्य बोलायचं होतं. मला विष उतरवता येत नाही. समोर बापू शिंत्रे फोन उंच धरून चित्रण करत होते. ज्यांनी हार घातले होते, ज्यांनी भाषणं केली होती, ती सगळी माणसं तिथं उभी होती. अच्युतराव म्हणाले, "आलोच," आणि घरात गेले.

घरात जाऊन त्यांनी जाकीट घातलं. का घातलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. माणसं जमली होती, एवढंच. एकेक करून सगळ्या गुंड्या लावल्या. मग ते बाहेर आले, टेम्पोच्या हौद्यात चढले, सारिकाच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. डोळे अशासाठी मिटले, की तिचे डोळे उघडे होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती. गर्दीत कोणीतरी हात जोडले.

"अहो!" परसातून आलेल्या शैलाताई गर्दी ढकलत पुढं आल्या. "हे काय चालवलंय? तुम्हाला काय येतंय त्यातलं? अरे बिरू, बघत काय बसलास, गाडी फिरवायला सांग आधी!"

टेम्पो फिरला. अच्युतराव खाली उतरले नाहीत. संबंध रस्ताभर ते हौद्यात सारिकाजवळ बसून होते. टेम्पो उसळला की तिचं डोकं आपटू नये म्हणून त्यांनी ते मांडीवर घेतलं होतं. मोतिया जाकिटावर तिच्या तोंडातलं रक्त सांडत होतं.

दवाखान्यात डॉक्टर मुजावर बाईंनी पाय पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "चावून किती वेळ झाला?" बिरूनं सांगितलं. "मग इतका वेळ होतात कुठं? तिठा तर हा समोर आहे." बिरूनं मोठ्या आदरानं अच्युतरावांकडं बोट दाखवलं. डॉक्टरीण बाईंनी एकदा त्यांच्याकडं, एकदा त्यांच्या जाकिटाकडं पाहिलं आणि त्या आत गेल्या.

*

सारिका वाचली. पण घोणशीच्या विषानं मूत्रपिंडं बसली होती. लस वेळेत पोहोचली असती तर बहुधा बसली नसती, असं मुजावर बाईंनी अच्युतरावांना व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ती बत्तीस वर्षांची होती.

ढेबे कुटुंबाला हे कोणी असं सांगितलं नाही. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. घोणस चावलेली बाई मरते. आमची वाचली. दादांनी कपाळावर हात ठेवला होता. पुढच्या अंकात 'निंबळे समाचार'नं पहिल्या पानावर चित्र छापलं, मिटलेल्या डोळ्यांसकट, आणि वर मथळा दिला, 'दादांच्या हाताला यश'.

अच्युतरावांनी तो अंक उघडून पाहिला आणि त्यांना शिसारी आली. ते उठले, गल्ल्याशेजारचा गौरव अंक उचलून पोत्यांमागं टाकला आणि केतकीला फोन लावला. या वेळी स्पीकरवर नाही.

"ते वाक्य काढून टाक," ते म्हणाले. "बहुश्रुतमधलं. ते खोटं आहे."

"मला माहीत आहे बाबा."

"माहीत आहे?"

"मी जीपच्या मागच्या सीटवर बसायचे की. दवाखान्याच्या बाकावर तुमच्या शेजारी झोपायचे. मला सगळं माहीत होतं." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही हो म्हणालात आणि मी तसंच नोंदवलं. म्हटलं, म्हातारपणी आनंद मिळतोय, मिळू दे. एका माणसाच्या कौतुकानं यंत्राचं काय बिघडणार आहे. बिरू ढेबेनं काय विचारलं होतं ते मी काल नोंदीत वाचलं. साप चावला असं नुसतं म्हटलं असतं ना, तरी आमच्या यंत्रानं दुसरं काही न बोलता दवाखान्याचा रस्ता दाखवला असता, तसा पक्का बंदोबस्त आहे. पण त्यानं घाबरून फक्त माणूस विचारला. आणि माणूस आपण दोघांनी दिला होता."

अच्युतरावांनी समोरचा 'समाचार' पालथा करून ठेवला.

"तेव्हा तुम्ही हो का म्हणालात?" तिनं विचारलं.

"समोर माणसं बसली होती."

केतकीनं पडताळणी पुन्हा उघडली. अच्युतरावांनी आपल्या तोंडानं सांगितलं, "खोटं. मी कोणाचंही विष उतरवलेलं नाही. मी काहीच केलेलं नाही." तिनं नोंद केली. आधी त्र्याण्णव असलेले गुण 'समाचार'च्या बातमीनंतर सत्त्याण्णव झाले होते. नोंद पडल्यावर ते अठ्ठ्याण्णव झाले.

"अगं, वाढले!"

"थांबा, बघते." ती बघत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून अच्युतरावांना हसावं की रडावं कळेना. बहुश्रुतनं सत्काराची हजारो वर्णनं वाचली होती. त्यातून ते आपलं आपण एक गोष्ट शिकलं होतं, कोणी शिकवलेली नसताना. मराठी माणसाचा सत्कार झाला की तो उत्तरादाखल उभा राहतो आणि म्हणतो, मी काहीच केलेलं नाही, हे श्रेय माझं नाही. असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा खरोखरच काहीतरी केलेलं असतं. ज्यांनी केलेलं नसतं ते असं म्हणत नाहीत, ते आणखी एक फलक लावतात. तेव्हा सत्कारमूर्तीनं नाकारलं, तर गोष्ट खरी असण्याचा संभव वाढतो. यंत्राचा हिशेब चुकलेला नव्हता. त्याला अच्युतरावांच्या बोलण्यात विनय दिसला होता.

"मग मी लिहितो. छापून येऊ दे," अच्युतराव म्हणाले.

त्यांनी लिहिलंही. 'सर्पदंशाबाबत खुलासा'. बापू शिंत्र्यांनी तो शब्दही न बदलता छापला, फक्त वर चौकटीत स्वतःच्या दोन ओळी घातल्या, की फळांनी लगडलेलं झाड कसं वाकतं ते आमच्या दादांकडं पाहून कळतं. शेजारच्या तालुक्यातल्या साप्ताहिकानं त्यावर अग्रलेख लिहिला. गुण नव्याण्णव झाले.

"हातानं खोडता येत नाही का?" त्यांनी केतकीला विचारलं.

"हातानं गुण बदलायचे नाहीत हा आमचा पहिला नियम आहे. एकदा एकाचे बदलले की उद्या सगळे पुढारी दारात उभे. तुमचं नाव सापांच्या उत्तरात येऊ नये एवढं मी करून घेतलंय. माझी चूकही लेखी कळवलीय, माझ्याकडची पडताळणी काढून घेतली. पण बहुश्रुतकडून शिकणारी दुसरी किती यंत्रं आहेत, बाबा! त्यांच्यापर्यंत हे गेलंय. मूळ विश्वासच उतरला पाहिजे."

"कशानं उतरेल?"

"तुमच्या बोलण्यानं नाही. ज्याचं नुकसान झालंय त्याच्या बोलण्यानं. त्याला ते विनय समजणार नाही." ती थांबली. "सारिकाला सांगावं लागेल. आणि त्याआधी तुम्हाला तिला सांगावं लागेल. तिला अजून काहीच ठाऊक नाहीये."

*

ढेबेवस्तीवर त्यांचं स्वागत झालं. बिरूनं अंगणात घोंगडी अंथरली, त्याच्या म्हाताऱ्या आईनं पायांवर पाणी घातलं, पितळी भरून दूध आलं. सारिका दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, कातडी राखेसारखी. ती उठून पाया पडायला निघाली तेव्हा अच्युतराव जवळजवळ ओरडलेच, "नको! बस तू."

दूध तसंच ठेवून त्यांनी बोलायला सुरुवात केली. "बिरू, मला विष उतरवता येत नाही. कधीच येत नव्हतं."

"मोठी मानसं आसंच बोलत्यात," बिरू हसून म्हातारीला म्हणाला. म्हातारीनं मान डोलावली.

यंत्रानं हेच केलं होतं आणि अच्युतरावांनी त्याला मनातल्या मनात मूर्ख म्हटलं होतं.

"ऐक, मी सांगतो तसं ऐक," ते म्हणाले. "तिठ्यावरून तू डावीकडं वळला असतास तर तेव्हाच हिला लस टोचली असती. हिची मूत्रपिंडं शाबूत राहिली असती. तू उजवीकडं वळलास, कारण फोननं माझं नाव सांगितलं. आणि फोननं ते सांगितलं, कारण त्यानं मला विचारलं होतं, हे खरं का, आणि मी हो म्हणालो होतो. चारचौघांसमोर मोठेपणा वाटला म्हणून म्हणालो. लस उशिरा मिळाल्याचं डॉक्टरीण बाईंनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं. तुम्हाला सांगायची मला लाज वाटली."

बिरूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त आता त्याला अर्थ नव्हता. सारिकाला आधी कळलं.

"मग घरात जाऊन तुमी काय आणाय गेलता?" तिनं विचारलं. "मी वाट बघत हुते. मला वाटलं, आवशीद आणाय गेल्यात."

खोटं बोलायला अजूनही जागा होती. पाणी आणायला, म्हणता आलं असतं.

"जाकीट घालायला," अच्युतराव म्हणाले.

म्हातारीनं दुधाची पितळी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. यंत्र माझं ऐकत नाही, ते तुझं ऐकेल. उद्या आणखी कोणी असाच उजवीकडं वळेल. सारिकानं बिरूकडं हात पुढं केला आणि त्याचा फोन घेतला. ती बहुश्रुतशी तिच्या बोलीत, सावकाश, दम खात बोलली. भुईमूग, घोणस, टेम्पो, बाजार. आपण हे स्वतः पाहिलंत का, असं यंत्रानं तिला विचारलं. "माज्याच पायाला चावली ती," ती म्हणाली. त्यांनी कपाळावर हात ठेवल्यानं फरक पडला का? "न्हाई. हात लय गार हुता, येवढंच."

मग त्या नेहमीच्या समजूतदार आवाजात यंत्रानं विचारलं, "अच्युत गुळवणी यांच्यामुळे आपले नुकसान झाले. हे खरं की खोटं?"

सारिकानं फोन छातीशी धरला. तिनं अच्युतरावांकडं पाहिलं. दारी आलेला माणूस, बापाच्या वयाचा, घोंगडीवर बसलेला. वस्तीवर असं तोंडावर कोणी कोणाला बोलत नाही. तिनं मान हलवली.

"आसंल, जाऊ द्या," ती पुटपुटली. "तुमी काय मुद्दाम केलं का? आमचंच नशीब म्हनायचं."

"नशीब नाही, पोरी," अच्युतराव म्हणाले. "माझ्या भिडेखातर खोटं बोलू नको. खरं आहे म्हण. मी हात जोडतो."

ते खरोखरच हात जोडून बसले होते. सारिका त्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं फोन तोंडाजवळ नेला.

"खरं हाय," ती म्हणाली. "तेंच्यामुळंच झालं."

आणि फोन खाली ठेवून ती रडायला लागली. चावल्यापासून ती रडली नव्हती. वाचलीस, नशीबवान आहेस, दादांचे उपकार मान, असं सगळे सांगत आले होते, आणि उपकार झालेल्या माणसाला रडता येत नाही. आता ती मोठ्यानं, तोंड न झाकता रडत होती. म्हातारी तिला पोटाशी धरून बसली. अच्युतरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"दादा," बिरू त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "तुमी आता जावा."

अच्युतराव उठले. वस्तीवरून खाली रस्त्यापर्यंत पायवाट होती, उताराची, खड्यांची. या डोंगरात ते इतकी वर्षं आले-गेले, पण दरवेळी कोणीतरी कंदील नाहीतर काठी घेऊन रस्त्यापर्यंत सोबत यायचं. आज त्यांना पोचवायला कोणी आलं नाही.